उसन्या चालींचा प्रवास : भंडारा जिल्ह्यातील दंडार, नाटक आणि बँड

संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर राग आणि ताल यांच्या जोडीला ‘चाल’ असा तिसरा निर्देश असे, आणि त्यापुढे, ज्या आधीच्या गाण्याच्या स्वररचनेवर ते पद बेतलेले आहे, त्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द दिलेले असत. स्वरलिपी न वाचणाऱ्या नटाला, पेटीवाल्याला आणि गावोगावच्या हौशी मंडळींना नवे पद बसवण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग होता, कारण शब्द कागदावर मिळत आणि सूर आधीच कानात असत. उसन्या चालीची ही रीत पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर जेवढी रुजली तेवढीच ती विदर्भाच्या पूर्व टोकाला, भंडारा जिल्ह्यात, दंडारीच्या रिंगणापासून लग्नाच्या वरातीपर्यंत पसरली. तिला नक्कल म्हणून हिणवण्याची सवय मराठी संगीतसमीक्षेला जुनी आहे. परंतु या जिल्ह्यात गाणे एका पिढीकडून दुसरीकडे आणि एका समाजाकडून दुसऱ्याकडे नेण्याचे काम मुख्यतः उसन्या चालीनेच केले.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनव्याप्त, धान पिकवणाऱ्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. गोंदिया हा १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता, आणि १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा सगळा मुलूख आधी मध्य प्रांतात व पुढे मध्य प्रदेशात मोडत असल्यामुळे येथील कानांवर मराठीबरोबर हिंदी गाण्यांचाही संस्कार पहिल्यापासून होता. पूर्वेकडे छत्तीसगढचा ‘नाचा’ हा रात्रभर चालणारा लोकनाट्यप्रकार, दक्षिणेकडे गोंडी गाणी आणि खुद्द जिल्ह्यात पोवारी, हलबी व झाडी बोलीची गाणी, अशा शेजारात चालींची देवघेव न होणे अशक्यच होते. पावसाळ्यात रोवणीची, म्हणजे धानाची रोपे चिखलात लावतानाची गाणी बायका म्हणत. आणि दिवाळीनंतर, धान निघण्याच्या सुमारास, गावोगावी ‘मंडई’ भरे, आणि दिवसा जत्रा व रात्री करमणूक असे तिचे स्वरूप असल्याने ती सगेसोयरे, लेकीजावई आणि आसपासची खेडी यांना एकत्र आणत असे.

मंडईच्या रात्री दंडार होई. दंडार म्हणजे केवळ पुरुषांनी, स्त्रीवेषातील नटांसह, गाणे, नाच आणि सोंग यांच्या मिश्रणातून रात्रभर करायचा खेळ. त्यात पौराणिक प्रसंग येत, गावच्या खोडी येत आणि त्या वर्षीच्या घडामोडींवरची टीकाही येई. तिच्या जोडीला खडी गंमत असे, जिच्यात शाहीर उभ्याने डफ, तुणतुणे आणि ढोलकीच्या साथीवर कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब करत, मधूनमधून हिंदी पदे पेरत आणि नाच्याच्या संगतीने श्रोत्यांना पहाटेपर्यंत बांधून ठेवत. या दोन्ही प्रकारांत कवी आणि चाल बांधणारा अशी फारकत नव्हती. शाहीर नवे कवन रचताना आधीच्या एखाद्या कवनाची, भजनाची किंवा लावणीची चाल मनात धरूनच मात्रा मोजत असे. झाडी बोली आणि दंडार यांचा अभ्यास करून त्यांना ग्रंथांत आणण्याचे काम साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर केले, आणि या परंपरेविषयी लेखी जे उपलब्ध आहे त्याचा बराच भाग त्यांच्या कष्टाचे फळ आहे.

या भूमीवर संगीत नाटक आले ते परके म्हणून आले नाही, याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि १८८२ साली ‘सौभद्र’ सुरू केले, तेव्हा त्यांनी पदांसाठी नव्या स्वररचना निर्माण करण्याचा हट्ट धरला नाही. कीर्तनातील साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही वृत्ते व त्यांचे ठरलेले सूर, लावणीचे ठेके, स्त्रियांच्या गाण्यांची वळणे आणि त्यांच्या जन्मभागातील कानडी पदांच्या चाली त्यांनी मोकळेपणाने घेतल्या. पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहून संगीत नाटकाची कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली, हेही नाट्येतिहासात नोंदलेले आहे. म्हणजे ज्या नाटकाने मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला त्याचे सूर बहुतांशी लोकांकडूनच आलेले होते, आणि त्यामुळे ते लोकांकडे परत जाताना अडखळले नाहीत.

वैदर्भीय लेखकाने या उसनवारीला पुढचे वळण दिले, ही गोष्ट पुणेकेंद्री इतिहासात जेवढी ठळक व्हायला हवी तेवढी होत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे १८७१ साली नागपुरात जन्मले आणि त्यांनी वकिली वऱ्हाडात केली. १८९६ सालच्या त्यांच्या ‘वीरतनय’ने पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या उडत्या, ठसकेबाज चाली मराठी पदांत आणल्या, आणि पुढे ‘मूकनायक’ व ‘मतिविकार’ या नाटकांत तो प्रयोग त्यांनी चालू ठेवला. पुण्याच्या काही रसिकांना त्या चाली हलक्या वाटल्या. परंतु खेड्यातल्या नटाला त्या चटकन उचलता येत, कारण त्यांत आलापीपेक्षा ठेक्याचा भाग मोठा आणि ओळीची लांबी आखीव असे. त्यानंतरच्या काळात ‘मानापमान’ (१९११) या नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्यांवरून चाली दिल्या आणि ‘स्वयंवर’ (१९१६) साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी पदांत उतरवल्या, तेव्हा उसनवारीचा झरा वरच्या थरातून वाहू लागला, पण रीत तीच राहिली.

रेल्वेने या प्रसाराला हातभार लावला. १८८०च्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत लोहमार्ग झाला, त्यावर वरठी येथे भंडारा रोड हे स्थानक आले, आणि फिरत्या मंडळ्यांना व ग्रामोफोनच्या तबकड्यांना जिल्ह्याची वाट मोकळी झाली. बालगंधर्वांची पदे तबकडीवरून ऐकून ती पाठ करणारे हौशी नट महाराष्ट्रभर होते, आणि झाडीपट्टीतही हौशी मंडळींनी पौराणिक व ऐतिहासिक संगीत नाटके करायला घेतली. दंडारीच्या मंचावर उभा राहिलेला नट पडदा, विंग आणि पेटी यांच्या नाटकात आला तेव्हा त्याने गळ्यावरची जुनी सवय टाकून दिली नाही; नवे नाटक लिहिणारा गावचा मास्तर पदांच्या माथ्यावर एखाद्या गाजलेल्या नाट्यपदाचे नाव लिही, आणि पेटीवाला त्यावरून सूर धरी. आजही झाडीपट्टीच्या नाटकात गाणी अनिवार्य मानली जातात, आणि उर्वरित महाराष्ट्रात संगीत नाटक क्षीण झाल्यावरही येथे ते शेकडो प्रयोगांच्या हंगामात तगून राहिले, याची दखल २०२३ साली गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्री सन्मानाने देशपातळीवर घेतली गेली.

‘आलम आरा’ १९३१ साली आणि मराठी ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला, आणि दोन दशकांच्या आत उसन्या चालीचा उगम नाटकाकडून सिनेमाकडे सरकला. हा बदल ऱ्हास म्हणून सांगण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात ‘अयोध्येचा राजा’चे संगीत त्याच गोविंदराव टेंबे यांचे होते, ज्यांनी ‘मानापमान’च्या चाली दिल्या होत्या, त्यामुळे खेड्यातल्या श्रोत्याला पहिल्या पिढीत तरी फार मोठी फारकत जाणवली नसणार.

याच चालींना बोलक्या गळ्याशिवाय, केवळ वाद्यांतून वाजवणारी दुसरी परंपरा म्हणजे बँड, आणि तिचे मूळ लष्करी आहे. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ साली वसली, आणि देशभरातल्या इतर छावण्यांप्रमाणे तेथेही पलटणींच्या वाद्यवृंदांनी कवायतीची कूचगीते वाजवली. संस्थानिकांनी तसे वृंद ठेवले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नागरी बँड लग्नांत व मिरवणुकांत शिरले. त्याहीपूर्वी तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड पदरी ठेवला होता, आणि कर्नाटक संगीताचे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी अशा युरोपीय चालींवर संस्कृत स्तोत्रे रचली, ज्यांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. मराठी दरबाराच्या आश्रयाला असलेल्या प्रदेशात बँडची चाल देवाच्या स्तुतीला लागली, हे उदाहरण उसनवारीची दिशा कुठूनही कुठे वळू शकते हे दाखवणारे आहे.

बँड आणि नाट्यगीत यांचे हेच नाते त्याच काळात अमेरिकेतही घट्ट होत होते. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ज्या ऑक्टोबर १८८० मध्ये उभे राहिले, त्याच महिन्यात जॉन फिलिप सूझा यांनी वॉशिंग्टनच्या मरीन बँडचे नेतृत्व स्वीकारले. लंडनमध्ये १८८५ साली गाजलेल्या ‘मिकाडो’ या ऑपेरेटावरून, म्हणजे हलक्याफुलक्या कथानकाच्या गायन-नाटकावरून, सूझा यांनी त्याच वर्षी एक कूचगीत रचले; आणि गंमत अशी की खुद्द ‘मिकाडो’मध्ये संगीतकार सलिव्हन यांनी १८६८ सालच्या सुमाराचे एक जपानी लष्करी गाणे घातलेले होते, त्यामुळे सैनिकांचे सूर रंगमंचावर आणि रंगमंचाचे सूर पुन्हा सैनिकांच्या बँडवर असा फेरा पूर्ण झाला. ‘द लिबर्टी बेल’ (१८९३) हे कूचगीत मुळात सूझा यांच्या अपुऱ्या राहिलेल्या एका ऑपेरेटासाठी बांधलेले होते, आणि ‘एल कॅपितान’ (१८९६) त्यांच्या त्याच नावाच्या ऑपेरेटातील गाण्यांवरून जुळवलेले. नाटक पाहायला न मिळालेल्या गावाला बागेतल्या बँडने त्याची गाणी ऐकवावीत, हा त्या रीतीचा उपयोग होता. भंडाऱ्यात सिनेमागृह नसलेल्या खेड्याला वरातीच्या बँडने सिनेमाची गाणी ऐकवली, तो उपयोग याच जातीचा होता.

चाल एका वाद्यवृंदातून दुसऱ्यात जाताना तिचे नेमके काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ‘एल कॅपितान’चा पहिला भाग सहा-आठच्या, म्हणजे दादऱ्यासारख्या सहा मात्रांच्या डुलत्या लयीत आहे आणि मधल्यापासून तो दोन-चारच्या सरळ पावलांवर येतो. वरातीच्या बँडलाही हीच अडचण रोज सोडवावी लागते, कारण गाणे दादऱ्यात असले तरी वरात चालती ठेवायची तर केहरव्याच्या आठ मात्रांचा ठोका हवा. म्हणून बँडमास्तर ओळीतले लांब स्वर आखूड करतो, ओळीच्या शेवटी एखादी मात्रा भरतो आणि साइड ड्रमवर केहरवा ठेवून गाणे त्यावर बसवतो. गायकाची ओळ क्लॅरिनेट धरते, मूळ गाण्यात व्हायोलिनांनी भरलेली जागा ट्रम्पेट भरतो, युफोनियम खालचा आधार देते आणि मोठा ढोल सम सांगतो. ट्रम्पेटच्या कळांतून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, त्यामुळे भीमपलासीसारख्या रागातल्या पदाचे हलते गंधार-निषाद बँडवर सरळ आणि ताठ होतात. क्लॅरिनेटवाला मात्र ओठांच्या दाबाने त्यातले थोडेसे वाचवतो, आणि चांगल्या बँडची ओळख जाणकार याच जागी पटवतात. गाण्याचे शब्द पूर्ण गळतात, तरी लोक ओठांनी ते म्हणत असतात.

भंडारा शहर पितळी भांड्यांच्या धंद्यासाठी शतकभर प्रसिद्ध असले तरी बँडची पितळी वाद्ये येथे घडली नाहीत. ती देशभरातल्या बँडवाल्यांप्रमाणे मुख्यतः मेरठच्या कारागिरांकडून येत. वाद्य परगावचे आणि चाल परक्याची, पण वाजवणारे हात गावचेच असत, आणि या हातांचा सामाजिक इतिहास दुर्लक्षिता येत नाही. गावगाड्यात डफडे, हलगी आणि वाजंत्री वाजवणे हे विशिष्ट जातींवर लादलेले काम होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने अशी जातिबद्ध कामे सोडण्याचे आवाहन केले आणि अनेकांनी ती सोडली. गणवेश घालून, ठरवलेल्या रकमेवर, सुपारी घेऊन वाजवणारा बँडवाला हा हुकमाने बोलावल्या जाणाऱ्या वाजंत्र्यापेक्षा वेगळ्या नात्याने मांडवात उभा राहतो, आणि बँडच्या प्रसारामागे संगीताच्या आवडीइतकेच हेही कारण असावे.

ज्या चळवळीने डफ खाली ठेवायला सांगितले तिने गाणे मात्र कमालीच्या जोमाने हाती घेतले, आणि तेही उसन्या चालींच्या बळावर. बाबासाहेबांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक भंडारा मतदारसंघातून लढवली. ते पराभूत झाले, परंतु दोन वर्षांनी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर या जिल्ह्यातल्या वस्त्यांतून भीमगीतांची जी परंपरा वाढली, तिच्यात सिनेगीतांच्या आणि कव्वालीच्या चाली मोठ्या प्रमाणात आल्या. जलशांच्या, म्हणजे प्रचाराच्या गायन-कार्यक्रमांच्या, काळापासूनच चळवळीच्या शाहिरांना ठाऊक होते की, नवा विचार नव्या चालीत सांगितला तर ऐकणाऱ्याला दोन ओझी उचलावी लागतात. चाल ओळखीची असली की पहिल्या कडव्यापासून लक्ष शब्दांवर राहते आणि दुसऱ्या कडव्याला सभा साथ देऊ लागते. हेच तत्त्व राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी भजनांत वापरले. त्यांच्या भजनसंग्रहांत पदांच्या माथ्यावर ‘तर्ज’ किंवा ‘चाल’ म्हणून आधीच्या गाण्याचे शब्द छापलेले आढळतात, आणि गुरुदेव सेवा मंडळाची भजनी मंडळे ती भजने त्याच खुणेवरून बसवत आली आहेत. धर्म, राजकारण आणि करमणूक यांनी एकमेकांशी कितीही वाद घातला असला, तरी चालींच्या बाबतीत त्यांचा एकच सामाईक साठा होता.

उसन्या चालीची मालकी कोणाची, हा प्रश्न अमेरिकेत लवकर उठला. सूझा यांनीच १९०६ साली यांत्रिक ध्वनिमुद्रणाविरुद्ध लेख लिहिला, १९०९ सालच्या तेथील स्वामित्वहक्क कायद्यासाठी आग्रह धरला आणि १९१४ साली संगीतकारांचे मानधन वसूल करणारी संस्था उभारण्यात भाग घेतला. भारतात १९५७ सालच्या स्वामित्वहक्क कायद्याने रचनाकारांना हक्क दिले, परंतु त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये खरोखरच्या धार्मिक समारंभातील वादनाला सूट आहे, आणि नंतर जोडलेल्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ यांचाही त्या सुटीत समावेश केला आहे. म्हणजे साकोलीच्या किंवा लाखांदूरच्या वरातीतला बँड गाजलेले गाणे वाजवतो तेव्हा कायदा त्याच्या बाजूने उभा असतो. तिकीट लावून होणाऱ्या नाटकाला ही मुभा नाही, आणि झाडीपट्टीच्या लेखक-निर्मात्यांनी हा भेद ध्यानात ठेवून स्वतंत्र संगीत करून घेण्याकडे वळणे त्यांच्या हिताचेच आहे.

खरी खंत उसनवारीची नाही, ती एकतर्फी होण्याची आहे. किर्लोस्करांनी लावणीची चाल घेतली तेव्हा तिचे रूप बदलून ती पुन्हा लावणी गाणाऱ्यांकडे पोहोचत असे. सिनेमाची चाल झाडीपट्टीत येते, पण रोवणीच्या गाण्याची चाल झाडीपट्टीबाहेर क्वचितच जाते. धानाच्या बांध्यांत यंत्रे आणि बाहेरगावचे मजूर आल्यावर रोवणीची गाणी म्हणण्याचे प्रसंग घटत आहेत, आणि दंडारीची पुष्कळ कवने शब्दांनी वह्यांत उरली असली तरी त्यांच्या स्वररचना स्वरलिपीत उतरलेल्या नाहीत; ज्या कवनावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या विसरलेल्या दंडारगीताचे नाव आहे, ते कवन वाचता येते, गाता येत नाही. म्हाताऱ्या शाहिरांच्या गळ्यातून या चाली ध्वनिमुद्रित करण्याचे काम विद्यापीठांनी आणि जिल्ह्यातल्या शाळांनी तातडीने हाती घ्यायला हवे.

नाटक आणि वरात यांचे चित्रही बदलत आले आहे. शंकरपट, म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, आणि रात्रीचे नाटक यांची जिल्ह्यात घट्ट जोडी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निर्णयाने शर्यती थांबल्या तेव्हा पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचेही निमित्त हुकले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील शर्यतींना परवानगी मिळाल्यावर ते पुन्हा मिळू लागले. दरम्यान वरातीत क्लॅरिनेट-ट्रम्पेटची जागा धुमाल पार्टीने बव्हंशी घेतली आहे, जिच्यात गाडीवर ठेवलेला की-बोर्ड गाण्याची ओळ वाजवतो आणि भोवती ढोलताशांचा कल्लोळ उठतो. नागपूरपासून छत्तीसगढपर्यंत हा प्रकार लोकप्रिय आहे. नाटकांत मात्र ऑर्गन आणि तबल्याची जिवंत साथ अजून टिकून आहे. रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटे संपणाऱ्या त्या प्रयोगात ऑर्गनवाला नटाचा आवाज बसू लागला की पट्टी अर्ध्या सुराने उतरवतो, प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ मागितलेले गाणे पुन्हा पहिल्या ओळीपासून धरतो, आणि नट कडवे विसरला तर त्याला आठवेपर्यंत तीच चाल नुसती वाजवत ठेवतो.